अतिसोपी राईड

शनिवार, ११ जानेवारी २०२५
आजपासून रोजनिशी. मनातलं कुठेतरी ठेवायला हवं आणि घरात ऐकून घ्यायला कोणी मोकळं नाही. दमयंती सकाळी साडेसहाला सायकल राईडला गेली. एकोणीस वर्षांच्या संसारात ही बाई शनिवारी साडेसहाला उठलेली मी पाहिलेली नाही. अर्थात त्या वेळी मीही उठलेलो नसतो, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येत नाही.

राईड उन्मेषची. उन्मेष म्हणजे माझा पुण्याचा कॉलेजमित्र. बारा वर्षं ॲरिझोनात, फिनिक्सला होता. नोव्हेंबरात कंपनीने इथे, विषुववृत्ताजवळच्या या बेटावर, पाठवला. बायको अनुया आणि मुलगा, त्याची शाळा संपेपर्यंत, तिकडेच. हा बुकित तिमाहच्या कॉन्डोत एकटा, स्विमिंग पूलसकट. आल्या आल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: शनिवारची सोपी राईड, पाण्याकाठाने, सपाट रस्ता, कोणीही या. कोणीही या म्हटल्यावर माझी बायको गेली.

मलाही बोलावलं होतं. गुडघ्यामुळे नाही म्हणालो. कोणता गुडघा, असं दमयंतीने विचारलं. उजवा म्हणालो. निघताना म्हणाली, डाव्याला जप.

दहाला परत आली. गाल लाल, केस विस्कटलेले, प्रचंड खूश. उन्मेषने सगळ्यांना काया टोस्ट, म्हणजे नारळाचा गोड जॅम लावलेला पाव, खिलवला म्हणे. मी घरी पोहे करून ठेवले होते. ते तिने चवीपुरते खाल्ले.

रविवार, १२ जानेवारी
उन्मेषचं एक वाक्य ठरलेलं आहे: "फिनिक्सला आम्ही कालव्याकाठाने जायचो." हे आता दमयंतीही म्हणायला लागली आहे. फिनिक्सला ते कालव्याकाठाने जायचे, बरं का.

वाळवंटात कालवा कसला डोंबलाचा? थाप असणार, म्हणून दुपारी इंटरनेटवर शोधलं. कालवे आहेत. शहरभर आहेत. काठाने सायकलचा रस्ता आहे आणि पाण्यात मासेसुद्धा आहेत. दुपारची झोप गेली.

माझं मत असं, की वाळवंटात सायकल चालवणं ही काही मर्दुमकी नव्हे. पाऊस नाही, शेवाळ नाही, रस्त्यावर आडवं येणारं जनावर नाही. इथे आमच्या हौगांगमध्ये दुपारी तीनला आभाळ फाटतं आणि उरलेला वेळ घामाने चष्मा नाकावरून घसरतो. इथे चालवून दाखवावी.

शिवाय कालवा या विषयात मी नवखा नाही. कॉलेजात असताना मुठा कालव्याच्या काठाने खडकवासल्यापर्यंत सायकलवर कितीदा तरी गेलो आहे. कांदेपोह्यांच्या वेळी दमयंतीला हे सगळं सांगितलं होतं. बाभळी, बगळे, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी, धुणं आपटणाऱ्या बायका. ती ऐकत राहिली आणि तिच्या हातातले पोहे गार झाले. म्हणजे तिच्या आयुष्यात कालव्यावर पहिला हक्क माझा आहे. उन्मेष नंतरचा.

रविवार, १९ जानेवारी
मंडळाचा तिळगूळ. उन्मेष नेहरू जाकिटात. पोट नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाला पोट नसणं हे मला चांगल्या प्रकृतीचं लक्षण वाटत नाही.

सगळे जमलेले असताना त्याने सुरुवात केली, "अरे, उद्धव आणि मी चार वर्षं एकाच सायकलवर..." पुढचं बोलायच्या आत मी त्याच्या तोंडात तिळाचा लाडू कोंबला आणि मोठ्याने म्हणालो, तिळगूळ घ्या, गोड बोला. लोक हसले. लाडू कडक होता, त्याला बराच वेळ बोलता आलं नाही. दमयंतीने त्याला पाणी आणून दिलं. पळत जाऊन.

सायकल एकच होती हे खरं आहे. ती आम्ही दोघांनी मिळून चालवली. तो पुढून, मी मागून. पुढच्याकडे हँडल आणि पेडल एवढंच असायचं. रस्ता बघणं, कुत्रं आलं की ओरडणं, पोलीस दिसला की उडी मारून उतरणं, ही डोक्याची कामं माझ्याकडे.

शनिवार, २५ जानेवारी
तिसरी राईड. उन्मेष म्हणतो, चाकाकडे बघायचं नाही, लांब बघायचं. उन्मेष म्हणतो, खांदे सैल सोडायचे. जेवताना आमटीपेक्षा उन्मेषच जास्त वाढला गेला. मी विचारलं, सायकल तुला आधीपासून येते ना, सांगलीला शाळेत सायकलनेच जायचीस ना, मग हा काय शिकवतो? दमयंती म्हणाली, वेगळं असतं ते. काय वेगळं, ते सांगितलं नाही.

फोनकडे बघून हसते. मी जवळ गेलो की फोन पालथा.

लेकीला, ऋग्वेदाला, सहज विचारलं, आई हल्ली जास्त खूश वाटते का? सोळा वर्षांची आहे, पण निरीक्षण चांगलं. कानातले इअरफोन न काढता म्हणाली, "बाबा, यू जेलस, इझ इट?" मराठीत बोल म्हणालो. इथलं शेपूट लावूनच म्हणाली, "जेलस आहेस, लाह."

अजिबात नाही. मला फक्त माहिती हवी आहे.

निश्चय: सायकलचा सराव पुन्हा सुरू करायचा. गुप्तपणे. येते मला, फक्त तोल आणि ब्रेक यांच्याशी जुनी ओळख काढावी लागेल.

बुधवार, २९ जानेवारी, सकाळी ७.१५
चिनी नववर्ष. सुट्टी. सगळं हौगांग झोपलेलं, रस्त्यावर कुत्रं नाही. योग्य मुहूर्त. पुंगोल पार्कपाशी पिवळ्या चौकटीतली भाड्याची सायकल स्कॅन करून घेतली. कुलूप उघडल्याचा आवाज आला तेव्हा छाती भरून आली. आता निघतो.

त्याच दिवशी, ११.००
सायकलचा दर्जा वाईट. सीट उंच. खाली केली तर गुडघे हँडलला लागतात. एक पाय पेडलवर ठेवला की दुसरा जमीन सोडायला तयार होत नाही. हा सायकलचा दोष आहे, भाड्याच्या सायकलींत समतोल घालत नाहीत.

तरीही नदीकाठाने बरंच अंतर गेलो. सायकल शेजारी होती. हात हँडलवर होता. चाकं फिरत होती.

सेरंगून नदीच्या वळणावर रस्त्यात घोरपड. हातभर नव्हे, पुरुषभर. मधोमध पसरून माझ्याकडे बघत होती. तिने जीभ काढली, मी सायकल मध्ये घेतली. आमच्या पूर्वजांनी हिच्या कमरेला दोर बांधून किल्ला घेतला, आणि मी तिच्या मनात येईपर्यंत ताटकळत उभा. पण पूर्वजांकडे भाड्याची सायकल नव्हती आणि मिनिटाला पैसे चढत नव्हते. शेवटी ती आपल्या पायाने पाण्यात गेली. मी तिला हटवलं असं म्हणायला हरकत नाही.

ॲपवर आलं: तुमची राईड, ४.१ किलोमीटर. ॲप खोटं कशाला बोलेल? स्क्रीनशॉट काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'मॉर्निंग राईड. बऱ्याच वर्षांनी. मजा आली.'

गुरुवार, ३० जानेवारी
सतरा अंगठे, चार टाळ्या. मंडळाचे अध्यक्ष प्रबोध यांनी लिहिलं, प्रेरणादायी. आणि मग उन्मेष: 'वा उद्धव! वेळ बघितला. सायकल चालवलीस की फिरायला नेलीस?'

खाली दमयंतीचा हसणारा चेहरा. माझ्या बायकोचा. जाहीर ग्रुपवर.

रक्त तापलं. तापलेल्या रक्ताने टाइप केलं: 'शनिवार २२ फेब्रुवारी. अतिसोपी राईड. पुंगोल वॉटरवे. नेतृत्व: उद्धव. वाळवंटाचा अनुभव आवश्यक नाही.'

पाठवल्यावर जरा बसलो. बारा जणांनी येतो म्हणून कळवलंसुद्धा. हे लोक कधी गणपतीच्या वर्गणीला इतक्या चटकन उत्तर देत नाहीत.

दमयंतीने मेसेज वाचला. मग बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं आणि कोणाला तरी फोन लावला. काचेतून ओठ वाचायचा प्रयत्न केला. 'उन्मेष' एवढं कळलं. ते मी न वाचताही ओळखलं असतं.

रविवार, २ फेब्रुवारी
आता रविवारही. विचारलं तर म्हणाली, जरा काम आहे. लिटल इंडियातून आणलेली दहा किलो तांदळाची पिशवी, न फोडलेली, तिने ट्रॉलीवर घातली आणि लिफ्टने खाली नेली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं.

बायको फिनिक्सला, हा एकटा, कॉन्डोत स्वयंपाकाचा कंटाळा. आता कळलं सगळं. माझ्या घरातून त्याला शिधा जातो आहे.

दुपारी १.००
पिशवी परत आली. बाथरूममधल्या काट्यावर ठेवून पाहिली. दहा किलो. दाणासुद्धा कमी नाही. तांदूळ बाहेर नेऊन परत आणणारी बाई मी आजवर पाहिली नाही. पिशवीच्या पोटावर दोराचे, नव्हे, पट्ट्याचे वळ होते. आणि माझा तपकिरी चामड्याचा पट्टा चार दिवस सापडत नाही. यात काहीतरी आहे. डोकं दुखलं, दोन गोळ्या घेतल्या.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
यूट्यूबवर 'प्रौढांसाठी सायकल' असे व्हिडिओ पाहिले. जर्मन माणूस एका दुपारी शिकतो. थिअरी पूर्ण झाली. गादीवाली सायकलची चड्डी मागवली. ऋग्वेदाने पाहिली आणि नकारार्थी मान हलवून म्हणाली, "कान्ट, बाबा. कान्ट."

रविवार, ९ फेब्रुवारी
आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो.

दमयंती आठला पुंगोलच्या बसमध्ये चढताना मी खिडकीतून पाहिली. मी पुढच्या बसने पुंगोलला गेलो. टोपी, गॉगल, मास्क. कोविडनंतर इथे मास्क घातलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही, ही एक सोय आहे. वॉटरवेवरच्या पुलाखाली, खांबाआड उभा राहिलो.

आली. लांबलचक सायकलवरून आली. दोन सीट, पेडलांच्या दोन जोड्या, एकच खरं हँडल, ज्याला टँडम म्हणतात ती. पुढे दमयंती. मागे उन्मेष.

ती हसत होती. तोही हसत होता. माझ्यापासून दहा हातांवरून गेले. तो काहीतरी बोलला आणि मुद्दाम डावी-उजवीकडे डुलला. सायकल लटपटली, ती ओरडली, "अरे, हळू!" आणि पुन्हा हसली. माझ्याबरोबर ती असं कधी हसली? आठवून पाहिलं. दोन हजार अकरात, मी लिफ्टमध्ये अडकलो होतो तेव्हा.

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. मी नीट पाहिलं. पण ठेवू शकला असता. अंतर तेवढंच होतं.

ते परत वळायच्या आत मी बसस्टॉपवर होतो. चार वर्षं त्या माणसाच्या मागे मी बसलो होतो. आज तो माझ्या बायकोच्या मागे बसला. जागा बदलल्या आणि मला कोणी कळवलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
ठरवलं, सरळ विचारायचं. नजरेला नजर देऊन. जेवताना खाकरलो. दमयंतीने वर पाहिलं. मी विचारलं, आमटीत मीठ घातलंस का? घातलं होतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी
आमच्या ब्लॉकच्या कारपार्कच्या वरच्या मजल्यावर शेवटची तालीम. उतारावर तीन सेकंद दोन्ही पाय हवेत होते. तीन पूर्ण. त्यानंतर बोगनवेलीच्या कुंडीत. सत्तरीच्या एक चिनी आजी कपडे वाळत घालून येत होत्या. त्यांनी विचारलं, "अंकल, ओके ऑर नॉट?" त्यांच्यापेक्षा मी वीस वर्षांनी लहान आहे. ओके म्हणालो.

कोपर सोललं. दमयंतीने न विचारता हळद लावली. फुंकर मारली. इतकी प्रेमाने वागते आहे म्हणजे नक्कीच मनात काहीतरी खातंय तिला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
योजना तयार. खरा नेता पुढे नसतो. तो सगळ्यांच्या मागे राहतो, सर्वांवर लक्ष ठेवतो. मी 'स्टार्ट' म्हणेन, सगळे जातील, मग माझी चेन पडेल. चेन कशी पाडायची, तो व्हिडिओ पाहिला आहे.

दुसरी योजना पाऊस. हवामानाच्या ॲपवर ढग आहे. गणपतीला एकवीस मोदक बोललो. मोदक दमयंतीच करणार, म्हणून मनातल्या मनात अकरावर आणले.

तिसरी योजना नाही. दमयंतीला आज सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. पण काय सांगू? की मला येते, फक्त जमत नाही? तिच्या डोळ्यांत गेली एकोणीस वर्षं मी कालव्याकाठाने सायकल हाणत चाललो आहे. उद्या सकाळी साडेसातला तो माणूस संपेल, आणि शेजारी उन्मेष उभा असेल, पोट नसलेला. मग ती ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे बघेल.

शनिवार, २२ फेब्रुवारी, सकाळी ५.५०
थेंब नाही. आकाश निरभ्र. बाप्पाने अकरा मोदकांत पाऊस द्यायला नकार दिला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सगळं क्रमाने लिहितो.

साडेसातला पुंगोलला भाड्याच्या सायकलींच्या दुकानासमोर बारा जण हजर. उन्मेष हजर. मी गादीवाल्या चड्डीत. भाषण केलं: पाण्याचं महत्त्व, फिटनेस, मराठी माणूस आणि चिकाटी. भाषण लांबवलं. प्रबोध म्हणाले, ऊन चढतंय.

सायकलपाशी गेलो. चेनला हात घातला. व्हिडिओत चेन सैल होती, ही नव्हती. वंगणाने बोटं काळी झाली. बारा माणसं बघत होती. उन्मेषने तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आता सांगतो हा. पण तो नुसता, "चला, आम्ही पुढे होतो," म्हणाला आणि सगळ्यांना घेऊन निघालासुद्धा.

दुकानातून दमयंती आली. ती लांब सायकल ढकलत. माझ्यासमोर उभी केली, पुढच्या सीटवर बसली, एक पाय जमिनीला टेकवला आणि मागे न बघता म्हणाली, "बस."

मी म्हणालो, नेत्याने मागे राहायचं असतं. ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते, मागे बस."

बसलो.

पहिली काही मिनिटं मी फक्त तिच्या पाठीकडे बघत होतो. सायकल लटपटली नाही. मी दोनदा घाबरून डुललो तरी नाही. मग विचारलंच, उन्मेष कशाला बसला होता इथे? तिने विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हणालो, ऐकलं कुठेतरी. ती म्हणाली, गॉगल लावून पुलाखाली?

मग म्हणाली, आधी तांदूळ बांधून शिकले, तुझ्या पट्ट्याने. पण तांदूळ हलत नाहीत आणि सूचना देत नाहीत. तू दोन्ही करणार. म्हणून उन्मेषला सांगितलं, उद्धवसारखा बस. तो चार वर्षं तुला वाहून नेत होता, त्याला बरोब्बर माहीत होतं तू कसा डुलतोस ते. ते बघून हसू यायचं मला.

म्हणजे ती हसत होती ती मला हसत होती. पुलाखालच्या खांबाआड उभा राहून मी माझाच हेवा केला.

विचारलं, मला सायकल येत नाही हे तुला उन्मेषने सांगितलं? रागाने विचारलं. एकदा लिहून टाकलं आता, 'येत नाही.' ती म्हणाली, छे, ते मला पोहे खातानाच कळलं होतं. बगळे किती होते ते तू सांगितलंस. म्हशीच्या पाठीवरचा कावळा सांगितलास. धुणं धुणाऱ्या बाईच्या लुगड्याचा रंग सांगितलास. सायकल चालवणाऱ्याला एवढं दिसत नसतं, तो खड्डे बघतो. शाळेत रोज चालवायचे मी, मला काय माहीत नाही? म्हटलं, हा माणूस मागे बसणारा आहे, पण काय छान सांगतो. म्हणून तर हो म्हटलं. तेव्हापासून मनात होतं, एकदा तुला मागे बसवून पाण्याकाठाने न्यायचं. मी पुढचं बघते. तू आजूबाजूचं सांग.

मी माझ्यासमोरचा दांडा आणखी घट्ट धरला. ती म्हणाली, "अरे, सांग ना, डावीकडे काय आहे? मला मान वळवता येत नाही."

डावीकडे पाणमांजरांचं कुटुंब होतं. पाच. आई माशाचं डोकं खात होती आणि पिल्लं तिच्या अंगावर चढत होती. सांगितलं. पलीकडे एक म्हातारा गळ टाकून झोपला होता, त्याचा रेडिओ चालू होता. सांगितलं. करड्या रंगाचा एक बगळा, एका पायावर, चेहरा हुबेहूब प्रबोधसारखा. दमयंती इतकी हसली की सायकल लटपटली.

उन्मेषला आम्ही वाटेत गाठलं. त्याने हात केला. मीही केला. मनापासून केला, असं लिहायला हरकत नाही.

परत आल्यावर तिने पिशवीतून माझा पट्टा काढून दिला.

रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळी १०.००
काल दहा किलोमीटर झाले. आज पाय जराही दुखत नाहीत. या वयात, पहिल्याच दिवशी. माझी मूळ प्रकृती किती दणकट आहे याची मलाच कल्पना नव्हती. बिचाऱ्या दमयंतीच्या मांड्या मात्र भरून आल्यात. तिला सकाळपासून तेल लावून देतो आहे. तिला समजावलं, सवय लागते हळूहळू, माझ्याकडे बघ.

दुपारी २.३०
दमयंती म्हणते, टँडमची पुढची-मागची पेडलं एकाच चेनने जोडलेली असतात. पुढच्याने मारली की मागच्याचे पाय आपोआप फिरतात. म्हणाली, उन्मेष बसायचा तेव्हा पुलाचा चढ जाणवायचासुद्धा नाही.

उन्मेषचं नाव निघालं तशी मी तेलाची बाटली खाली ठेवली. म्हणालो, पुढच्या शनिवारपासून मागची सीट माझी आहे, हे त्याला आत्ताच्या आत्ता कळव. तिने माझ्यासमोर मेसेज केला. लगेच उत्तर आलं. एक अंगठा, आणि खाली: 'आनंदाने. फक्त त्याला सांग, मागे बसूनही पाय मारायचे असतात. कॉलेजात माझ्या सायकलला मागे पेडल नव्हतं, म्हणून कधी बोललो नाही.'